टास्मानियाचा डेव्हिल आणि सारखेपणाचा धोका



२०१६ साली टोकियोच्या तामा प्राणिसंग्रहालयात ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरून खास पाहुणे आले. आम्ही मुलांना घेऊन त्यांना बघायला गेलो होतो. फुनाबोरीहून शिंजुकू लाईनची गाडी पुढे केओ लाईनवर जाते. ताकाहाता-फुदोला गाडी बदलली की आलेच तामा! पाहुण्यांचे नाव टास्मानियन डेव्हिल. लहान कुत्र्याएवढा, काळाकुट्ट, छातीवर पांढरा पट्टा. खाताना तो असा ओरडतो की गोऱ्या लोकांनी त्याचे नाव ‘सैतान’ ठेवले.

कांगारूप्रमाणे डेव्हिलच्या मादीलाही शिशुधानी असते. ती एका वेळी वीस-तीस पिल्लांना जन्म देते. पिल्लू तांदळाच्या दाण्याएवढे! पण शिशुधानीत स्तन चारच. म्हणून जास्तीत जास्त चार पिल्ले जगतात.

१९९६ साली एका छायाचित्रकाराला तोंडावर मोठ्या गाठी असलेले डेव्हिल दिसले. तो कर्करोग होता, आणि तोही संसर्गजन्य! डेव्हिल भांडताना एकमेकांच्या तोंडाला चावतात. तेव्हा एकाच्या गाठीतील जिवंत पेशी दुसऱ्याच्या जखमेत जाऊन वाढू लागतात. पुढे खाताही येत नाही आणि प्राणी मरतो. काही भागांत शंभरातले ऐंशीहून जास्त डेव्हिल नाहीसे झाले. २००८ साली त्यांची नोंद जगातील धोक्यातील प्राण्यांच्या यादीत झाली.

आता एक प्रश्न. दुसऱ्याची पेशी अंगात शिरली तर शरीराने तिला हाकलायला हवे. मग डेव्हिलचे शरीर गप्प का बसते? शास्त्रज्ञांना आधी वाटले की हे सगळे डेव्हिल एकमेकांसारखे आहेत, म्हणून परकी पेशीही घरचीच वाटते. २०१३ साली कळले की गाठीच्या पेशी स्वतःची ओळखचिन्हे लपवतातही. पण डेव्हिलांमध्ये जनुकीय विविधता कमी आहे, ही गोष्ट खरीच आहे.

सारखेपणात धोका कसा? आपल्या नदीकाठची साकुराची झाडे आठवा. सोमेई योशिनो जातीची सर्व झाडे कलमे करून वाढवली जातात, म्हणजे जणू एकाच झाडाच्या प्रती! म्हणून ती एकदम फुलतात. पण फांद्यांचा झाडूसारखा झुपका करणारा बुरशीचा रोगही त्या सगळ्यांना सहज होतो. आम्ही संगणकाचे काम करणारी माणसे फायलींच्या प्रती करून ठेवतो. पण मूळ फायलीतच चूक असेल, तर शंभर प्रती करूनही उपयोग नाही. शंभरांतही तीच चूक!

म्हणून डेव्हिल वाचवताना नुसती संख्या वाढवून भागत नाही. निरोगी डेव्हिल ऑस्ट्रेलियातील प्राणिसंग्रहालयांत वेगळे ठेवले आहेत. आपल्याकडे लग्न ठरवताना गोत्र बघतात, तशी तिथे जोडी जमवताना वंशावळ बघतात. नाते जितके दूरचे तितके चांगले. आज असलेली विविधता पन्नास वर्षांनीही ९५ टक्के टिकावी, असे त्यांचे ध्येय आहे.

२०१२ साली रोग नसलेल्या मारिया बेटावर १५ डेव्हिल सोडले. ते तिथे रुजले, वाढले. पण त्या बेटावर छोट्या पेंग्विनांची सुमारे तीन हजार जोडपी होती. डेव्हिलांनी ती सगळी संपवली! एकाला वाचवताना दुसऱ्याचा बळी गेला.

तरी आशा आहे. २०१६ साली शास्त्रज्ञांना आढळले की रोगाच्या भागातील डेव्हिलांच्या काही जनुकांत थोड्याच पिढ्यांत बदल झाला आहे. ज्यांची जनुके थोडी वेगळी होती, ते टिकले असावेत. वेगळे कोणी उरलेच नसते, तर टिकणार कोण?

वर्गात कोणी वेगळे दिसले, वेगळे बोलले, तर हसू नका. निसर्ग अशांनाच जपून ठेवतो.

शब्दार्थ
शिशुधानी – मादीच्या पोटावरील पिल्लांची पिशवी
जनुक – आईवडिलांकडून मुलांकडे येणारे गुण ठरवणारा पेशीतील घटक
वंशावळ – पूर्वजांची क्रमवार यादी

स्वाध्याय
१. डेव्हिलची जास्तीत जास्त चारच पिल्ले का जगतात?
२. सोमेई योशिनोची झाडे एकाच वेळी का फुलतात?
३. मारिया बेटावर डेव्हिल सोडले हे योग्य झाले का? दोन्ही बाजूंनी पाच-पाच वाक्ये लिहा. पुढच्या शनिवारी वर्गात वाद घालू!