स्वस्त लॅपटॉप, मुक्त सॉफ्टवेअर आणि आपली खतावणी

दुकानदार व कारागीर बांधवांनी संगणक घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्न आता उरलेला नाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि विवरणपत्र, ई-वे बिल, पुढे उद्यम नोंदणी, अशी एकेक कामे संगणकावर गेली. आता प्रश्न आहे तो खर्चाचा आणि इमानाचा. घरात एक लॅपटॉप असावा, दिवसा मुलांनी त्यावर अभ्यास करावा, रात्री आपण हिशेब लिहावा; आणि हे सारे दरवर्षी परवान्याचे पैसे न भरता, चोरीची प्रतही न वापरता व्हावे. असे होऊ शकते काय? आमचे उत्तर, होऊ शकते. मात्र कोणते काम होते आणि कोणते अडते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

मुक्त म्हणजे काय?

फुकट आणि मुक्त यांत फरक आहे. विणकराने ठाणाबरोबर नक्षीचा कागदही हवाली केला आणि सांगितले की, विणा, बदला, दुसऱ्यालाही द्या, तर तो माल मुक्त झाला. सॉफ्टवेअरचेही तसेच. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी हे काम सुरू केले. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. या दोहोंच्या मिलाफातून जी प्रणाली झाली, ती आज जगभर चालते. भारतात सी-डॅक या सरकारी संस्थेने ‘बॉस’ नावाची लिनक्स प्रणाली काढली आणि केरळच्या सरकारी शाळांतील मुले अशाच प्रणालीवर संगणक शिकतात. एका पेनड्राइव्हवरून ती दहा घरांत बसवली तरी कायदा आडवा येत नाही.

लॅपटॉप कोणता?

२०१९ साली पाइन६४ या कंपनीने ‘पाइनबुक प्रो’ नावाचा लॅपटॉप १९९ डॉलरला काढला. चौदा इंची पडदा, ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण. त्याचे सर्किटचे नकाशेही कंपनीने खुले केले. इंटरनेट पाहणे, पत्र लिहिणे, हिशेब मांडणे एवढ्याला तो पुरतो. पण त्यातील चिप मोबाईल फोनच्या जातीची आहे, म्हणून विंडोजसाठी लिहिलेले नेहमीचे कार्यक्रम त्यावर सरळ चालत नाहीत. शिवाय माल परदेशातून मागवायचा म्हणजे वाहतूक आणि कस्टम आले. बिघाड झाला तर गल्लीतला कारागीर त्याचा सुटा भाग कोठून आणणार?

म्हणून आमचे मत असे की, स्वस्त लॅपटॉप आधी घरात शोधावा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेक जुनी पण धडधाकट यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. लोक ती भंगारात काढतात. लिनक्स मिंट या प्रणालीला किमान २ जीबी मेमरी लागते, ४ जीबी असल्यास चांगले चालते. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तर मंद यंत्राच्या चालीत मोठा फरक पडतो. जुना लॅपटॉप विकत घ्यायचा असेल तर पक्के बिल घ्यावे आणि त्यावर यंत्राचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. चोरीचा माल स्वस्त पडत नाही.

कोणती कामे होतात?

जीएसटी, ई-वे बिल आणि बँक यांची बहुतेक कामे फायरफॉक्ससारख्या ब्राउझरमधून होतात. व्हॉट्सअ‍ॅपही ब्राउझरमध्ये उघडते. पत्र, बिल व उधारीच्या तक्त्यासाठी लिबरऑफिस आहे. दुहेरी नोंदीच्या जमाखर्चासाठी ग्नूकॅश आहे. जीएसटीची खाती मात्र त्यात आपली आपण उघडावी लागतात. मराठी व उर्दू दोन्ही कळफलक प्रणालीतच मिळतात आणि नस्तालीक लिपीसाठी ‘नोटो नस्तालीक उर्दू’ हा फॉन्ट मोफत आहे. एम्ब्रॉयडरी यंत्रावर काम करणाऱ्या बांधवांनी इंकस्केप आणि त्याला जोडले जाणारे इंक-स्टिच जरूर पाहावे. त्यातून यंत्राला लागणारी डीएसटी फाईल तयार होते.

कोठे अडते?

टॅली विंडोजसाठी लिहिलेली आहे. आपले सीए टॅलीचीच फाईल मागत असतील, तर त्यांच्याशी आधी बोलावे. तक्ता दिलेला चालतो का, ते विचारावे. कंपनी व एलएलपी यांना जीएसटीसाठी डिजिटल सहीचे टोकन लागते आणि ते लिनक्सवर चालवणे कटकटीचे ठरू शकते. एकट्याच्या मालकीचे दुकान असेल तर ओटीपीवर काम भागते. काही प्रिंटरही रुसतात. ज्याचे रोजचे काम या तिन्हींवर अवलंबून आहे, त्याने दुकानात विंडोजचे यंत्र ठेवावे आणि घरच्या यंत्रावर लिनक्स घ्यावे.

खरी गोष्ट खतावणीची

पैशाची बचत ही यातली लहान गोष्ट आहे. कायद्याने जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. सहा वर्षांत दुकानातले सॉफ्टवेअर बदलते, विकणारा फोन उचलत नाही, परवाना संपतो. मग आपलीच उधारी आपल्याला दिसत नाही. जुन्या इनपेजमधील उर्दू मजकूर किंवा जुन्या मराठी फॉन्टमधील पत्रे आज उघडली की अक्षरांचा कचरा दिसतो, हे पुष्कळांनी पाहिले आहे. कारण तेच, मजकूर आपला, पण कुलूप दुसऱ्याचे. लिबरऑफिस ज्या ओडीएफ पद्धतीत फाईल ठेवते, ती २००६ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मंजूर झाली. तिची रचना उघड आहे, म्हणून उद्या दुसरे सॉफ्टवेअरही ती वाचू शकेल. गिऱ्हाइकाची बाकी आणि कारागिराची मजुरी ही अमानत आहे. तिची नोंद आपल्या ताब्यात असलीच पाहिजे.

सुरुवात कशी करावी?

पहिले, रोजच्या कामांची यादी कागदावर लिहावी. दुसरे, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घेऊन यंत्र त्यावरून सुरू करावे. अशा रीतीने काहीही न बसवता ते चालवून पाहता येते. वायफाय, आवाज, प्रिंटर, मराठी आणि उर्दू टंकन तपासावे. तिसरे, पसंत पडले तरच बसवावे, पण त्याआधी सर्व फाईलींची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, कारण पूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला की मागचे काही उरत नाही. चौथे, मुलांचे आणि हिशेबाचे खाते वेगवेगळे ठेवून प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड द्यावा. पाचवे, दर जुम्याला हिशेबाची नक्कल दोन पेनड्राइव्हवर घ्यावी. एक घरी, एक दुकानात.

घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना हे काम सांगावे, ते आनंदाने करतील. मात्र जुनी वही लगेच बंद करू नये. पहिले तीन महिने वही आणि संगणक दोन्ही लिहावेत. तिन्ही महिन्यांची शिल्लक पैशापर्यंत जुळली, तरच वही कपाटात ठेवावी.