पोहण्याचे शिक्षण : पालकांनी काय अपेक्षा ठेवावी?

वैशाखात शाळांना सुटी लागली की गावोगावच्या विहिरी मुलांच्या कोलाहलाने जाग्या होतात. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा, वाळलेले भोपळे किंवा झाळलेला पत्र्याचा डबा बांधून वडीलधाऱ्यांनी मुलांना पाण्यात सोडावे, ही आपल्याकडील जुनी रीत. शहरांत नगरपालिकांच्या तरणतलावांवर वर्ग भरतात. दोन्हीकडे पालकांचा प्रश्न एकच असतो : मूल किती दिवसांत पोहू लागेल?

हा प्रश्न अपुरा आहे. चार हात मारून पलीकडचा काठ गाठणे वेगळे आणि अवचित पाण्यात पडल्यावर जीव राखून बाहेर येणे वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्युमुखी पडली. त्यांत जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील बालके होती. इतक्या लहान मुलांचे खरे रक्षण कुंपण आणि मोठ्यांची नजर यांनीच होते. सहा वर्षांपुढील मुलांना मात्र पोहणे, जलसुरक्षा व सुरक्षित बचाव या तिन्हींचे शिक्षण द्यावे, अशी या संघटनेची शिफारस आहे.

पहिल्या आठवड्यात मूल पोहताना दिसले नाही, तर शिक्षकाला दोष देऊ नये. पाण्यात तोंड बुडवून श्वास सोडणे, काठ धरून पाय मारणे आणि अंग सैल सोडून उताणे तरंगणे, यांतच ते दिवस जावयास हवेत. घाबरलेले मूल मान वर काढते. मान वर निघाली की कंबर व पाय खाली जातात आणि धडपडीत दम संपतो. ढकलल्यावाचून पोहणे येत नाही, असे सांगणारी मंडळी सर्वत्र भेटतात. ढकललेली जी मुले शिकली ती लक्षात राहतात. पाण्याला कायमची भ्यायलेली मुले कोणी मोजीत नाही.

वर्ग संपताना पालकांनी शिक्षकाच्या देखत मुलाची परीक्षा पाहावी. अंगावर नेहमीचे कपडे असताना पाण्यात पडून ते वर येते काय, वळून काठाकडे परतते काय, दमल्यावर उताणे तरंगून श्वास सावरते काय आणि कोणाच्या हाताविना बाहेर चढते काय? सोबती बुडत असल्यास आपण पाण्यात न उतरता दोर, काठी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन टाकावा व मोठ्यांना हाक मारावी, हेही त्याला ठाऊक हवे. एवढे साधले तरी मुलाला एकटे सोडू नये. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. श्वासासाठी झगडताना हाक निघत नाही.

ग्रामपंचायत सदस्यांनी एका नव्या धोक्याकडे विशेष लक्ष द्यावे. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आल्यानंतर राज्यात शेततळी पुष्कळ वाढली. अनेकांना प्लास्टिकचे अस्तर असते. विहिरीला पायऱ्या असतात, नदीला उथळ काठ असतो. ओल्या, शेवाळलेल्या अस्तरावर हात धरण्यास काहीच नसते, आणि पट्टीचा पोहणाराही तेथे चढून चढून थकतो. अशा तळ्याभोवती कुंपण असावे आणि चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर खुंट्यांना पक्के बांधून आत सोडावेत. दोर तळापर्यंत पोहोचेल एवढा लांब घ्यावा. उन्हाळ्यात पाणी खाली जाते आणि आखूड दोर वरच लोंबत राहतो.