पहिल्या पट्टीवर निकाल नको

कंपनीच्या गेटवर नशेच्या चाचणीसाठी लघवीचा नमुना मागितला तर नाही म्हणू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझी हकिकत ऐकली की बरेच जण म्हणतात, 'मग आपण सरळ नकारच द्यायचा.' नकार दिला की लोक त्यालाच पुरावा धरतात. नमुना द्या, पण देताना काय विचारायचं, काय लिहून घ्यायचं आणि कुठल्या कागदावर सही करायची नाही, एवढं माहीत असू द्या. वणीतून रोज कंपनीच्या बसने नाशिककडे जाणारी पोरं पुष्कळ आहेत, आणि दिंडोरीच्या बाजूलाही कारखाने वाढताहेत. हे त्यांच्यासाठी लिहितोय.

मी ठेकेदारामार्फत एका कारखान्यात क्रेन चालवतो. क्रेनला टनावारी वजन लटकत असतं आणि खाली माणसं काम करत असतात. माझा हात चुकला तर घरी न परतणारा मी नसेन, दुसराच कुणीतरी असेल. म्हणून चाचणीला माझा विरोध नव्हता आणि आजही नाही. नांदुरीहून सप्तशृंगगडाच्या घाटात बस चढवणारा ड्रायव्हर शुद्धीवर आहे का, हे पाहिलंच पाहिजे. नवरात्रात आणि चैत्राच्या यात्रेत त्या बसमध्ये आपलीच माणसं असतात. रेल्वेचे लोको पायलट ड्युटीवर चढताना यंत्रात फुंकतात. विमानाच्या वैमानिकांना आणि हवाई वाहतूक नियंत्रकांना ३१ जानेवारी २०२२ पासून गांजा, अफूजन्य पदार्थ, कोकेन, अ‍ॅम्फेटामाइन आणि झोपेच्या गोळ्यांसारख्या औषधांची अचानक तपासणी लागू आहे. दरवर्षी किमान १० टक्के लोकांची व्हायलाच हवी, असा विमान वाहतूक महासंचालनालयाचा (डीजीसीए) नियम आहे. हे सगळं योग्यच आहे. माझं म्हणणं आहे ते चाचणीनंतर जे होतं त्याबद्दल.

दिवाळीनंतरची गोष्ट. पाळी बदलताना गेटवर टेबल मांडलेलं, बाहेरच्या लॅबचा एक मुलगा, आणि आम्हा ठेकेदाराच्या माणसांची रांग. कायम कामगारांना त्या दिवशी बोलावलं नव्हतं. रांगेतल्या निम्म्या जणांना एकच धास्ती: तंबाखू निघेल का? निघत नाही. साधारण किटमध्ये पाच-सहा प्रकारचे पदार्थ तपासतात, त्यांत तंबाखू नसते.

किटचं नीट सांगतो, कारण अर्धा घोटाळा तिथेच होतो. कपात पट्ट्या बुडवतात आणि प्रत्येक पट्टीवर दोन रेघा यायच्या असतात. वरची रेघ फक्त किट चालू आहे एवढं सांगते. खालची आली तर तो पदार्थ सापडला नाही. नाही आली तर सापडल्याचा संशय. घरी गरोदरपणाची पट्टी पाहिलेल्या माणसाला हे उलटं वाटतं. त्यातही खालची रेघ कितीही पुसट असो, ती निगेटिव्हच धरायची असते. आमच्या टेबलावर पुसट रेघेला 'डाउटफुल' म्हणून एकाला बाजूला बसवलं होतं. त्याला पुढे सोडलं, पण तोवर रांगेतल्या सगळ्यांनी त्याचा चेहरा पाहून घेतला होता.

माझ्या कपात अफूजन्य पदार्थांच्या पट्टीवर खालची रेघ आलीच नाही. सुपरवायझर म्हणाले, "अफू? तू घेतो का रे?" मी काही बोलायच्या आत कुणीतरी पट्टीचा फोटो काढला. ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, "आजपासून घरी बस, बोलावलं तर ये." एक कागद पुढे केला, त्यावर 'चाचणीचा निकाल मला मान्य आहे' असं छापलेलं. मी सही केली नाही. हट्टाने नव्हे, मला खरंच मान्य नव्हतं म्हणून. पुढे सगळं त्या न केलेल्या सहीवरच टिकलं.

वणीच्या स्टँडवर बसमधून उतरलो तेव्हा बातमी माझ्याआधी पोहोचलेली होती. फोटो ग्रुपवर फिरला होता आणि वाटेत 'अफू'ची 'एमडी', म्हणजे मेफेड्रोन, झाली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडी बनवणारा कारखाना मुंबई पोलिसांनी पकडला, तेव्हापासून आमच्या भागात हा शब्द नुसता उच्चारला तरी माणूस संपतो. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, रात्री एवढंच विचारलं, "उद्या गडावर येऊन देवीपुढे सांगशील का?" मी म्हटलं, सांगेन. त्यांचा प्रश्न तिथेच मिटला. ठेकेदाराला मात्र कागद लागणार होता.

उलगडा बायकोने केला. मला खोकला झाला होता आणि डॉक्टरांनी रात्री घ्यायचं एक सिरप लिहून दिलं होतं. बाटलीवर बारीक अक्षरात कोडीन लिहिलेलं. कोडीन हे अफूच्याच कुळातलं औषध. शरीरात त्याचा काही भाग मॉर्फीन होतो, आणि किटची पट्टी दोन्हींत फरक करत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी सापडेना. पण कोडीन 'एच-१' या यादीतलं औषध आहे. असं औषध विकताना मेडिकलवाल्याला डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि प्रमाण वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं आणि ते तीन वर्षं जपावं लागतं. आमच्या मेडिकलवाल्या भाऊंनी रजिस्टर काढलं, माझं नाव बोटाने दाखवलं आणि पानाची झेरॉक्स सही-शिक्क्यासह दिली. तोच माझा पहिला कागद.

दुसरा कागद लॅबचा. मी लेखी मागितलं की त्याच नमुन्याची दुसरी, पक्की तपासणी करा. नमुना ठेवलेला होता, हे नशीब. पुष्कळ ठिकाणी किट झालं की कप फेकून देतात. ही तपासणी यंत्रावर होते, त्यात पदार्थ रेणूनुसार ओळखला जातो आणि किती आहे ते आकड्यात कळतं. रिपोर्टमध्ये कोडीन होतं, थोडं मॉर्फीन होतं, हेरॉइनची खूण नव्हती. म्हणजे हा रिपोर्टही 'पॉझिटिव्ह'च होता. तो हातात आल्यावर मुकादम म्हणाला, "बघ, निघालं की!" तेव्हा मला कळलं की दुसऱ्या तपासणीनेही काम संपत नाही. तिसरी पायरी डॉक्टरची. त्याने कामगाराला समोर बसवून विचारायचं की कुठलं औषध चालू होतं, चिठ्ठी दाखव, आणि मग निकाल द्यायचा. अमेरिकेत सरकारी नियमांखालच्या चाचण्यांत हा डॉक्टर बंधनकारक असतो आणि त्याच्याशी बोलणं झाल्याशिवाय निकाल मालकाकडे जात नाही. आमच्याकडे असा कुणी नव्हता. मीच कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे दोन्ही कागद घेऊन गेलो. त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या आणि मला परत घेतलं. बसून काढलेल्या दिवसांची मजुरी आजतागायत मिळालेली नाही. फोटो अजून कुणाकुणाच्या फोनमध्ये असेलच.

दिवाळीतल्या अनारशांवरची खसखसही मला तेव्हा आठवली. हा गंमतीचा मुद्दा नाही. खसखस अफूच्याच बोंडातली, आणि तिच्यावर मॉर्फीन-कोडीनचा अंश राहू शकतो. अमेरिकेत सरकारी चाचण्यांची अफूजन्य पदार्थांची मर्यादा आधी मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅम होती. १९९८ मध्ये ती २,००० वर नेली, त्यामागे खसखस आणि औषधांमुळे येणारे खोटे ठपके हेच मोठं कारण होतं. तुमच्या कारखान्यातलं किट कुठल्या मर्यादेचं आहे हे विचारा. डब्यावर छापलेलं असतं. ३०० असेल तर लिहून घ्या.

तोंडाने फुंकायच्या यंत्राचंही तेच. जुलै २०२५ मध्ये केरळात पंदळमच्या एसटी आगारात ड्रायव्हर दारू न पिता यंत्रावर पकडले गेले. पिकून आंबत आलेला फणस खाल्ला होता. तोंडातला असा अंश थोड्या वेळात उतरतो. म्हणून यंत्राने आकडा दाखवला तर चूळ भरा, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि पुन्हा फुंकू द्या म्हणून सांगा. तरीही आकडा राहिला तर रक्ततपासणी मागा. मोटार वाहन कायद्यात मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही आहे. तोंडाला वास येतोय, पाय लटपटतोय, एवढ्यावर दारूबंदीच्या खटल्यात गुन्हा सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, बचुभाई करियाणी खटल्यात, सांगून ठेवलं आहे. कारखान्याची चौकशी म्हणजे कोर्ट नव्हे, हे मला कळतं. पण पोटावर पाय देताना निदान तेवढी तरी शहानिशा हवी.

आता वादाचा खरा गाभा. लघवीची चाचणी माणूस आत्ता नशेत आहे का हे सांगत नाही; काही दिवसांपूर्वी काय पोटात गेलं ते सांगते. रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत तो आठवडे निघू शकतो. होळीला कुणी भांग घेतली तर किट तिला गांजापासून वेगळं ओळखत नाही, जरी अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत झाडाची नुसती पानं बसत नाहीत. उलट एमडीची पट्टी साध्या किटमध्ये नसतेच, म्हणजे ज्याची आपल्या भागात एवढी भीती, ते घेणारा बहुधा 'क्लीन' ठरून आत जाणार. दारूही या पट्ट्यांवर कळत नाही. कारखान्यांनी हे उघडपणे मान्य करायला हवं, नाहीतर चाचणी नुसती धाक दाखवण्यापुरती उरते.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आयर्विंग या कागद कारखान्याची दारूची अचानक चाचणी नामंजूर केली. काम धोक्याचं आहे एवढं पुरेसं नाही, तिथे व्यसनाचा प्रश्न खरोखर आहे हे दाखवा, असं ते म्हणाले. मला स्वतःला ते जरा जास्त वाटतं. क्रेनखाली उभं राहणाऱ्याला अपघात होईपर्यंत थांबायला कसं सांगायचं? पण आपल्याकडे दुसरं टोक आहे. खासगी कारखान्यातल्या अशा चाचणीसाठी वेगळा, तपशीलवार कायदा नाही. जे काही आहे ते कंपनीच्या धोरणात आणि तुम्ही न वाचता सही केलेल्या नेमणुकीच्या कागदात. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये ठरवलं, तरी तो हक्क गेटवरच्या टेबलापर्यंत आपोआप पोहोचत नाही. आणि कायम कामगाराच्या मागे युनियन असते; ठेकेदाराच्या माणसामागे कुणी नसतं. म्हणून कारखान्यांनी चाचणी घ्यायचीच तर मॅनेजरपासून हेल्परपर्यंत सगळ्यांतून चिठ्ठी टाकून घ्यावी.

तुम्ही मात्र एवढं करा. चालू औषधं नमुना देण्याआधी कागदावर लिहून द्या. फॉर्ममध्ये रकाना नसेल तर मागच्या बाजूला लिहा. गुंगी आणणारं औषध चालू असेल तर ते आधीच साहेबांना सांगून त्या दिवसांत यंत्रावर बसू नका. बाटली तुमच्या डोळ्यांसमोर सील होऊ द्या, सीलवर सही करा, नमुना दोन बाटल्यांत ठेवायला सांगा. सही 'नमुना दिला' यासाठी करा, 'निकाल मान्य' यासाठी नको. दुसरी तपासणी लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबमध्ये व्हावी असं लेखी मागा, आणि मागणीच्या प्रतीवर पोच घ्या.

आणि ज्याला खरोखर काही लागलेलं आहे, त्याने चाचणीची वाट पाहू नये. एनडीपीएस कायद्याच्या ६४-अ कलमानुसार सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला आणि ते पूर्ण केले तर खटल्यापासून संरक्षण मिळतं. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय. सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे, फोन फुकट लागतो. तुमच्या घरात कुणी असेल तर आजच लावा.