आनापान करा, पण गोळ्या परस्पर बंद करू नका

"डॉक्टर, विपश्यनेला जाऊन आलो तर या गोळ्या सुटतील का?" शिरूर-दौंड भागातील रुग्ण हा प्रश्न हमखास विचारतात. कोणी रांजणगावला रात्रपाळी करतो, कोणी दौंडला रेल्वेत. झोप उडालेली असते, डोक्यात विचारांचे गुऱ्हाळ अखंड चालू.

विपश्यना ही भगवान बुद्धांच्या परंपरेतील साधना. ब्रह्मदेशात ती टिकून राहिली. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली ती पुन्हा भारतात आणली. इगतपुरीचे धम्मगिरी सर्वश्रुत आहेच. आपल्याला जवळ म्हणजे स्वारगेट आणि आळंदीजवळील मरकळ. दहा दिवसांच्या शिबिरात मौन पाळावे लागते व सुरुवातीचे साडेतीन दिवस केवळ आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष देणे.

पुष्कळजण याला प्राणायाम समजतात. तसे नाही. प्राणायामात श्वासाचे नियमन करतात. येथे श्वास जसा आहे तसा फक्त पाहायचा. पाठ ताठ ठेवून बसावे, डोळे मिटावेत, नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास जाणावा. मन उसाच्या बिलाकडे पळेल. पळू द्या. पळाले हे लक्षात आले की चिडचिड न करता पुन्हा श्वासावर यावे. परत येणे हाच खरा व्यायाम. सुरुवातीस दहा मिनिटे पुरेत.

अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी यावर आधारित आठ आठवड्यांचा वर्ग सुरू केला. पुढे नैराश्याच्या रुग्णांसाठी असाच वर्ग निघाला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन बरे झालेल्यांपैकी, नेहमीचेच उपचार घेणाऱ्या ६६ टक्क्यांना वर्षभरात ते उलटले; वर्ग केलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हे रुग्ण त्या वेळी बरे झालेले होते. आजार भरात असताना, कानात आवाज येत असताना किंवा जीव द्यावासा वाटत असताना दहा दिवस मौनात बसणे धोक्याचे ठरू शकते. म्हणूनच शिबिराच्या अर्जात मानसिक आजार व चालू औषधे विचारतात. ती माहिती लपवू नये. गोळ्या कमी करायच्या की नाही, हे मनोविकारतज्ज्ञांनाच ठरवू द्यावे.

तालुक्याच्या गावी तज्ज्ञ मिळाले नाहीत तर १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत विनामूल्य बोलता येते.