गळाच्या काठीची मूठ व बुचाची पारख

पवईचा तलाव १८९१ सालीं मुंबईस पाणी पुरविण्याच्या हेतूनें तयार करण्यांत आला. परंतु त्याचें पाणी पिण्यास योग्य न ठरल्यामुळें तो हेतु सोडून द्यावा लागला. शहराची तहान भागली नाहीं खरी, पण मासे धरण्याचा छंद असणारांची मात्र सोय झाली. रोहू, कटला, मृगळ या जातींचे मासे त्यांत आहेत, व महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन ही या छंदी मंडळींची संस्था त्याच्या कांठींच आहे. अंधेरी, घाटकोपर व मुलुंड येथील पुष्कळ मुलांनीं गळ टाकून तासन् तास स्वस्थ बसलेलीं माणसें प्रथम पाहिलीं असतील तीं याच कांठावर.

हें पाहून आपणही एक काठी आपल्या हातानें करावी असें ज्यास वाटतें, त्यास वेळूची अडचण पडत नाहीं. कोंकणांतील माणगा जातीचा वेळू भरीव असून चिवट असतो. अडचण येते ती मुठीची. मूठ हलकी हवी, ओल्या हातांतून निसटतां कामा नये, आणि माशानें आमिषास नुसतें तोंड लावलें तरी तो सूक्ष्म धक्का बोटांस कळला पाहिजे. हे तिन्ही गुण बुचांत एकत्र आढळतात. वजनाचा हिशेब आपण करून पाहूं. मूठ ३० सेंटिमीटर लांब, २·८ सेंटिमीटर व्यासाची व मध्यें १ सेंटिमीटर व्यासाचें भोंक असलेली धरली, तर तिचें घनफळ सुमारें १६० घन सेंटिमीटर भरतें. बुचाची घनता सुमारें ०·२ धरल्यास तिचें वजन ३२ ग्रॅम होईल. तीच मूठ सागवानाची केल्यास शंभर ग्रॅमांवर जाईल. सकाळपासून दुपारपर्यंत काठी हातांत धरणाराच्या मनगटास हा फरक कोणी समजावून सांगावा लागत नाहीं.

'बूच' हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे कीं तो परका असेल अशी शंकाही येत नाहीं. पण बोळा या अर्थाच्या एका पोर्तुगीज शब्दाशीं त्याचें नातें असल्याचें अभ्यासक सांगतात. वसई १५३४ मध्यें पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं ती घेतली. या दोनशें वर्षांत साष्टींत पाव आला, बटाटा आला, तसें बूचही आलें असल्यास नवल नाहीं. शब्दाप्रमाणें वस्तूही तिकडचीच. ओक वृक्षाच्या एका जातीची ती साल होय. हें झाड पोर्तुगाल, स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया या देशांत वाढतें, व जगांतील सुमारें अर्धें बूच एकट्या पोर्तुगालांत निघतें. झाड पंचवीस वर्षांचें झाल्यावांचून पहिली साल काढीत नाहींत. त्यानंतर दर नऊ वर्षांनीं काढतात. पहिल्या दोन वेळची साल खडबडीत निघते. बाटल्यांच्या बुचांजोगी साल तिसऱ्या खेपेस, म्हणजे झाड चाळिशी ओलांडल्यावर, हातीं येते. साल काढली त्या वर्षाचा शेवटचा अंक खोडावर रंगानें लिहून ठेवतात. पोर्तुगालांतील आग्वास द मौरा या गांवीं १७८३ सालीं लावलेलें असें एक झाड असून १९९१ च्या एकाच खेपेस त्यानें बाराशें किलोग्रॅम साल दिली.

इतकें सोलूनही झाड जगतें कसें? बूच म्हणजे मृत पेशींचा थर होय. रॉबर्ट हुक यानें १६६५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून त्यांतील कप्प्यांस जें नांव दिलें, तेंच आज आपण पेशी या अर्थानें जीवशास्त्रांत वापरतों. एका घन इंचांत असे सुमारें १२५ कोटि कप्पे असावे असा त्याचा हिशेब होता. त्यांत हवा कोंडलेली असते व त्यांच्या भिंतींतून पाणी शिरत नाहीं. म्हणून बूच हलकें, दबणारें व न भिजणारें. कुशल कामगार कुऱ्हाडीनें हाच थर तेवढा उचलतो. आंतील सजीव सालीस धक्का लागूं देत नाहीं. त्या सालींत बूच उत्पन्न करणारा थर पुन्हां तयार होतो.

येथें आमच्या विद्यार्थ्यांस एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. ज्याच्या लांब नळीच्या शुभ्र फुलांच्या वेण्या मुली दोऱ्यावांचून गुंफतात, त्या झाडासही आपल्याकडे बुचाचें झाड म्हणतात. त्याची साल मऊ असते व पूर्वीं हलक्या प्रतीचें बूच म्हणून ती उपयोगांतही आणीत. परंतु तें ओकच्या कुळांतलें नव्हे. नांवावर भुलून त्याच्या खोडास चाकू लावला व सभोंवार साल उतरविली, तर पानांत तयार झालेलें अन्न मुळांकडे जाण्याचा मार्गच तुटतो व झाड वाळतें. चार इंच निकृष्ट बुचासाठीं एक वृक्ष मारणें हा सौदा कोणत्याही हिशेबानें परवडणारा नाहीं.

तेव्हां माल मिळवावा कोठून? मुठीसाठीं अर्धा इंच जाडीचीं तयार कडीं मिळतात. मासेमारीचें सामान विकणाऱ्या दुकानांत त्यांची चौकशी करावी. एक फूट मुठीस अशीं चोवीस कडीं लागतात. तीं परदेशच्या बुचाचीं असल्यामुळें स्वस्त पडत नाहींत. दुसरा मार्ग बाटल्यांच्या जुन्या बुचांचा. शाळेच्या वार्षिकांत मद्याच्या बाटल्यांचा उल्लेख पाहून कोणी भुंवया चढवतील. परंतु आम्हांस बाटलींतल्या वस्तूशीं कर्तव्य नाहीं, तिच्या तोंडाशीं आहे! वडील माणसांकडून अशीं बुचें मागून आणावीं. त्यांचा व्यास सुमारें २४ मिलिमीटर असल्यानें घासल्यावर मूठ बारीक होते. ती लहान मुलाच्या हातास उत्तम. मात्र पुष्कळ बुचें आतां भुग्यास डिंक लावून दाबलेलीं असतात, तीं बाजूस काढावीं. बॅडमिंटनच्या फुलाचें बूड चांगल्या प्रतींत खऱ्या बुचाचें असतें खरें, पण पिसांच्या सोळा भोंकांनीं तें कमकुवत झालेलें असतें. तें मुठीस न वापरतां दोरीवर तरंगावयास लावावें. नागदेवी स्ट्रीटच्या बाजूस यंत्रसामानाच्या दुकानांत रबर मिसळलेल्या बुचाचे तक्ते मिळतात. ते जड असतात, पण झीज सोसतात. म्हणून मुठीच्या अगदीं टोंकास त्याचें एक कडें घालणें शहाणपणाचें.

खरेदी करतांना डोळ्यांपेक्षां ओल्या फडक्यावर विश्वास ठेवावा. बुचांत मूळचींच छिद्रें असतात. विक्रेते कधीं कधीं बुचाचा भुगा व चिकी यांनीं तीं बुजवून कडें गुळगुळीत करून ठेवतात. ओलें फडकें घासतांच हलकी भर निघूं लागते व खड्डे उघडे पडतात. बारीक छिद्रांनीं भिण्याचें कारण नाहीं. कडेपासून भोंकापर्यंत गेलेली चीर मात्र नको. नखानें दाबलें असतां खूण पडून हळूहळू भरून यावी. जें दबतच नाहीं तें लांकडी समजावें, व जें दबून तसेंच राहतें तें पोकळ.

पुढचें काम सोपें आहे. बाटलीच्या बुचांचे अर्ध्या इंचाचे काप करून मध्यें भोंक पाडावें. लांब आंटे असलेल्या सळईस मेण चोळून तींत कडीं ओंवावीं, दोन्हीं टोंकांस नट लावावे, व दोन भाग मिसळून करावयाचा अॅरल्डाइटसारखा डिंक मध्यें लावून बेताचेंच आंवळावें; फार आंवळल्यास सर्व डिंक बाहेर येतो. एक दिवस तसेंच राहूं द्यावें. मग सळई काढून मूठ आंतून वेळूस चिकटवावी. घासण्यास प्रथम ८० नंबरचा, मग १५०, शेवटीं ३२० नंबरचा कागद घ्यावा. ओळखीचा कातारी असेल तर त्याच्या चरकावर हें काम घटकेंत होतें. हातानें दोन दुपारी लागतात. तोंडास फडकें बांधावें, कारण भुगा फार उडतो. हा भुगा टाकूं नये: त्याच डिंकांत कालवून उरलेलीं छिद्रें बुजवावीं. ती भर पाण्यानें निघत नाहीं.

चकती लावून झाल्यावर काठी एका बोटावर तोलून पाहावी. तोल मुठीच्या वरच्या टोंकाजवळ आला तर काम साधलें. फार पुढें गेला तर बुडाशीं रबरी बुचाचें आणखी एक कडें चढवावें. आणि पवईस जाणें तें घरच्या मोठ्या माणसाबरोबर व तेथील नियम विचारून घेऊन. पाण्यांत पाय सोडून बसूं नये. त्या तलावांत मगरी आहेत.