आधी अहवाल, मग भाव

सांगली

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

काल वहिनीचा फोन आला होता. बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं की फ्लॅटच्या पुढच्या हप्त्यांसाठी ठेवलेली एफडी तू मोडलीस आणि सगळी रक्कम अमेरिकेतल्या एका कंपनीच्या शेअरमध्ये घातलीस. कंपनीचं नाव तिला धड सांगता येईना. ‘ते एआयच्या चिपवालं’ एवढंच म्हणाली, त्यावरून एनव्हीडिया असावी असं धरून चालते. तिच्या ऐकण्यात काही चुकलं असेल तर फारच बरं, हे पत्र फाडून टाक. खरं असेल तर मात्र शेवटपर्यंत वाच. दादाला मी यातलं अक्षर बोललेले नाही. पैशाच्या बाबतीत तो कसा आहे हे तुला सांगायला नको, आणि त्याचं बीपी किती असतं हेही.

परदेशी शेअर घेऊच नकोस असं मी म्हणत नाही, हे आधी स्पष्ट करते. उलट आमच्या पिढीला ती सोय नव्हती याचीच मला हळहळ वाटते. रिझर्व्ह बँकेनं सामान्य माणसाला गुंतवणुकीसाठी बाहेर पैसे पाठवायची मोकळीक दिली ती २००४ साली, तीही वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत. आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. २००० साली डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२२ मध्ये त्यानं ८० ओलांडले. सगळी पुंजी रुपयात ठेवणं हीसुद्धा एक जोखीमच असते, हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही. तुझ्या वयाची असताना जगातल्या मोठ्या कंपन्यांचे ताळेबंद असे घरबसल्या उघडता आले असते तर रात्र रात्र वाचत बसले असते. म्हणूनच राग येतो तो तू बाहेर गेलास याचा नाही. तुझ्यासमोर एवढं सगळं खुलं असताना न बघता आत शिरलास, याचा येतो. आणि शिरलास तोही घराचे पैसे घेऊन!

तोच फ्लॅट घेताना तू काय काय केलंस आठव. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी तपासलीस, वकिलाकडून टायटल सर्च करून घेतलास, कार्पेट एरियावरून बिल्डरच्या माणसाशी हुज्जत घातलीस. त्याच फ्लॅटचे पैसे कंपनीत घालताना तिचा वार्षिक अहवाल मात्र उघडला नसशील, असा माझा दाट संशय आहे. अमेरिकेच्या बाजारात नोंदलेल्या तिथल्या कंपनीला दरवर्षी एसईसीकडे ‘टेन-के’ नावाचा अहवाल द्यावा लागतो, आणि एडगर या सरकारी संकेतस्थळावर तो कुणालाही फुकट वाचता येतो. बाहेरच्या देशातली कंपनी असेल, जशी तैवानची टीएसएमसी, तर तिचा ‘ट्वेंटी-एफ’ असतो. यात गुळगुळीत फोटो नसतात. धंदा कसा चालतो, धोके कोणते, पैसा आला कुठून आणि गेला कुठे, हे कंपनीला स्वतःच्या सहीनं लिहून द्यावं लागतं, आणि खोटं लिहिलं तर कायदा मागे लागतो. त्यामुळे व्हिडिओतले सल्लागार जे कधी सांगत नाहीत ते कंपनी स्वतःच सांगून बसते.

एनव्हीडियाचंच बघ. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षाचा तिचा टेन-के उघड. विक्री १३० अब्ज डॉलरच्या वर, त्याच्या दोन वर्षं आधी ती २७ अब्ज होती. डोळे दिपावेत असाच आकडा आहे, कबूल. पण थोडं पुढे वाच. थेट माल घेणारे तीन ग्राहक प्रत्येकी दहा टक्क्यांहून जास्त विक्री देतात आणि तिघं मिळून ३४ टक्के. म्हणजे त्यातल्या एकानं खरेदी पुढे ढकलली तरी ताळेबंदाला धक्का बसतो. चिप बनवायचा स्वतःचा कारखाना कंपनीकडे नाही. ते काम मुख्यतः तैवानमधली टीएसएमसी करते, आणि टीएसएमसीला लागणारी सर्वांत प्रगत यंत्रं नेदरलँड्सची एएसएमएल पुरवते. तेव्हा एनव्हीडिया समजून घ्यायची तर या दोघींचे अहवालही चाळावे लागतात. शिवाय सरकारची मर्जी आहेच. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनं चीनला जाणाऱ्या एका चिपसाठी परवाना सक्तीचा केला आणि त्या तिमाहीत कंपनीला साडेचार अब्ज डॉलरचा भार हिशेबात धरावा लागला. आता दोन वर्षं मागचा, जानेवारी २०२३ ला संपलेल्या वर्षाचा अहवाल काढ. विक्री आदल्या वर्षाइतकीच, पण निव्वळ नफा पावणेदहा अब्जांवरून साडेचार अब्जांच्याही खाली आलेला. गोदामात पडून राहिलेल्या मालापोटी मोठी तरतूद करावी लागली होती. नोव्हेंबर २०२१ ते ऑक्टोबर २०२२ या काळात शेअरचा भाव जवळजवळ दोन तृतीयांश उतरला. पुढे तो कुठल्या कुठे गेला हे खरं आहे. पण त्या मधल्या महिन्यांत ज्याला बिल्डरचा हप्ता भरायचा होता, त्याला ‘पुढे’ बघायला मिळालं असतं का?

तू म्हणशील, कंपनी चांगली असली की वेळ लागेल, पण पैसे होतात. नेहमीच होतात असं नाही, निनाद. सिस्को घे. इंटरनेटचं जाळं ज्या यंत्रांवर उभं राहिलं ती बनवणारी कंपनी. मार्च २००० मध्ये काही काळ ती बाजारमूल्यानं जगात पहिली होती. शेअर ८० डॉलरच्या घरात, बाजारमूल्य ५०० अब्ज डॉलरच्या पुढे आणि त्या आर्थिक वर्षाचा नफा २.७ अब्जांहून थोडा कमी. म्हणजे वर्षाच्या नफ्याच्या सुमारे दोनशे पट किंमत. इंटरनेट जग बदलेल हे भाकीत शंभर टक्के खरं ठरलं. सिस्को बुडाली नाही, तिची विक्री १९ अब्जांवरून पुढे ५० अब्जांच्या वर गेली. तरीही २००२ मध्ये शेअर १० डॉलरच्या खाली होता आणि वीस वर्षं उलटली तरी पुन्हा ८० ला शिवला नव्हता. धंद्याबद्दलचा अंदाज बरोबर आणि गुंतवणूक फसलेली, असं एकाच वेळी होऊ शकतं, कारण मोजलेली किंमत अवाच्या सवा होती.

यावर तू लगेच म्हणणार, ‘आत्या, सिस्कोच्या दोनशेपुढे एनव्हीडियाचा पीई काहीच नाही.’ खरं आहे, आणि हा मुद्दा तुझ्या बाजूचा आहे. जानेवारी २०२५ ला संपलेल्या त्या वर्षी एनव्हीडियाचा नफा ७० अब्ज डॉलरच्या वर होता, ही काही हवेतली कंपनी नव्हे. पण पीईमध्ये खाली नफा असतो, आणि तो नफा टिकणारा आहे की भरतीच्या वेळचा, हे पीई सांगत नाही. शंभर रुपयांच्या विक्रीत मालाचा खर्च जाऊन पंचाहत्तर रुपये उरतात असा हा धंदा आहे. एवढं मार्जिन दिसलं की बाकीचे बाह्या सरसावून उभे राहतात. गूगलनं स्वतःची टीपीयू चिप केली, अॅमेझॉननं ट्रेनियम. म्हणजे आजचे गिऱ्हाईकच उद्याचे स्पर्धक होऊ पाहताहेत. दुसऱ्या बाजूला, २००६ पासून कूडा या त्यांच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेले लाखो प्रोग्रामर सहजी दुसरीकडे जाणार नाहीत, हेही तितकंच खरं. उत्तर एनव्हीडियाच्या बाजूनं निघूही शकेल. ते तू स्वतः काढलेलं असावं, दुसऱ्याकडून ऐकलेलं नसावं, एवढंच माझं म्हणणं.

तुझा दुसरा आक्षेप मला दिसतोच आहे. एवढे तज्ज्ञ, एवढ्या संस्था वाचत असताना मी वाचून काय वेगळे दिवे लावणार? तर जर्मनीची वायरकार्ड आठव. सप्टेंबर २०१८ मध्ये तिनं कॉमर्झबँकेची जागा घेऊन डॅक्स निर्देशांकात प्रवेश केला. फायनान्शियल टाइम्सचे पत्रकार तिच्या हिशेबांवर सतत शंका घेत होते, तेव्हा जर्मन नियामकानं २०१९ मध्ये वायरकार्डच्या शेअरमध्ये शॉर्ट सेलिंगवरच दोन महिने बंदी घातली आणि वर पत्रकारांविरुद्ध तक्रार केली. जून २०२० मध्ये कळलं की ताळेबंदातले १.९ अब्ज युरो कुठेच नाहीत. ज्या दोन फिलिपिनी बँकांत ते असल्याचं दाखवलं होतं, त्यांनी कागद खोटे असल्याचं सांगून टाकलं. आठवड्याभरात कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. ऑडिटरची सही वर्षानुवर्षं होती, निर्देशांकाचा शिक्का होता, विश्लेषकांच्या शिफारशी होत्या. आता तू मला कात्रीत पकडशील: अहवालच खोटा असेल तर तो वाचून काय उपयोग? बरोबर आहे. अहवाल वाचल्यानं लबाडी दर वेळी पकडता येत नाही. म्हणून तर वाचून मन भरलं तरी एका कंपनीत किती घालायचं याला मर्यादा हवी. शून्य झालं तरी जेवण गोड लागेल, एवढंच एका नावावर लावावं. घराचे सगळे पैसे त्या मर्यादेत बसतात का, सांग बरं.

‘मग इंडेक्स फंड घेतो’ म्हणशील, तर ज्याला दरवर्षी डझनभर अहवाल वाचायची हौस नाही त्याच्यासाठी तोच शहाणपणाचा मार्ग आहे. त्यात कमीपणा काही नाही. अमेरिकेच्या मोठ्या निर्देशांकांत एनव्हीडियाचा वाटा तसाही बराच असतो, त्यामुळे तिची वाढ हातची जात नाही. पण तिथेही मुदतीचा प्रश्न सुटत नाही. जपानचा निक्केई डिसेंबर १९८९ च्या अखेरीस ३८,९१५ वर होता, ती पातळी त्यानं पुन्हा ओलांडली फेब्रुवारी २०२४ मध्ये. चौतीस वर्षं! टोयोटा, सोनी त्याच देशातल्या. प्रत्येक बाजाराचं असंच होतं असं नाही, पण ‘शेवटी वरच जातो’ या वाक्यातला ‘शेवटी’ कधी येईल ते कुणी लिहून देत नाही. बिल्डरची पत्रं मात्र तारीख घालून येतात. म्हणून पुन्हा तेच विचारते, रागावू नकोस: पुढच्या दोन-तीन वर्षांत लागणारे पैसे तिकडे आहेत का?

एक कागदी बाब राहिली, आणि तिचा उच्चार करताना हात जड होतो. परदेशी शेअर असले की दरवर्षी रिटर्नमध्ये शेड्यूल एफए भरावं लागतं, ते चुकवलं तर मोठा दंड होऊ शकतो. ते तू करशीलच. पण अमेरिकेत न राहणाऱ्या परकी माणसाच्या तिथल्या मालमत्तेवर, त्याच्या पश्चात, ६०,००० डॉलरच्या वरच्या रकमेला त्यांचा वारसा कर लागतो आणि तो ४० टक्क्यांपर्यंत जातो. भारतातली नोंदणी किंवा नॉमिनेशन असल्यानं तो टळत नाही. देव करो आणि अशी वेळ न येवो. पण खातं कुठल्या ब्रोकरकडे आहे, पासवर्ड कुठे लिहिलेत, एवढं तरी मृणालला सांगून ठेव. तिला यातलं काही ठाऊकच नाही असं वहिनीच्या बोलण्यावरून वाटलं, आणि खरं सांगायचं तर एफडीपेक्षा मला तेच जास्त लागलं.

आपल्या घरात पैसे बुडाल्याचं दुःख झालं, पण लपवल्याचं त्याहून जास्त झालं, हे तू लहान होतास तरी पाहिलं आहेस. ते पुन्हा उगाळत नाही. पत्र लिहायला बसले तेव्हा तुला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं होतं. लिहिता लिहिता तो जोर ओसरला. इतक्या लहान वयात जगाकडे बघून हिशेब मांडावासा वाटतो, यात मला तुझं कौतुकच आहे. ही ओढ आपल्यात फार जणांना नव्हती. ती मोडू नये, म्हणूनच एवढं लिहिलं.

तेव्हा असं कर. हप्त्यांपुरती रक्कम काढून परत बँकेत टाक. भाव आत्ता वर आहे की खाली, याचा विचार करत बसू नकोस. उरलेल्याचं काय करायचं ते निवांत बघू. टेन-के मी छापून ठेवते, मला पडद्यावर वाचवत नाही. दिवाळीला दोघं या, दुपारची जेवणं झाली की बसू. तांत्रिक भाग तू मला समजावून सांग, ताळेबंदाची टिपणं मी तुला उलगडून दाखवते. आणि तोवर शेअर पडला, तोटा झाला, झोप लागेनाशी झाली, तर रात्री कितीही वाजता फोन कर. तेव्हा एक शब्द बोलणार नाही. हप्ता अडला तर तेही बघू, माझं असं कितीसं लागतं मला.

जेवणाची आबाळ करू नकोस. मृणालला आशीर्वाद.

तुझी,
आत्या