उतारवयाच्या उंबरठ्यावर वजन घटविण्याची शस्त्रक्रिया : निर्णयापूर्वीचा अभ्यास

आम्ही वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी नव्हेत. कलाशाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करीत आलो आहोत. तरीही हा विषय अभ्यासावा लागला तो आमच्या थोरल्या बहिणीमुळे. वय ५७, वजन ९२ किलो, नऊ वर्षांपासून मधुमेह, आणि गुडघे असे की एक जिना चढताना दोनदा थांबावे लागते. गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितले, आधी वजन उतरवा, मग सांधा बदलण्याचे पाहू. चालल्याशिवाय वजन उतरेना आणि वजन उतरल्याशिवाय चालता येईना. त्यातून कोणीतरी पोटाच्या ऑपरेशनचे नाव काढले आणि घरात दोन तट पडले. "या वयात पोट कापून घ्यायचं? तोंड आवरलं की झालं," असे एका तटाचे म्हणणे. दुसरा तट जाहिरातींतील आधीची आणि नंतरची छायाचित्रे दाखवीत होता. ताई नुसती ऐकत होती. आमच्या मते दोन्ही तट चुकत होते.

प्रथम 'तोंड आवरण्या'विषयी. ताईने तीन वेळा दहा-बारा किलो वजन उतरविले आणि तिन्ही वेळा ते परत आले. याला आपण आळस म्हणतो, पण शरीराचा व्यवहार निराळा आहे. वजन घटू लागले की शरीर त्याला दुष्काळ समजते, भूक वाढविणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते आणि विश्रांतीत खर्च होणारी ऊर्जा कमी होते. शिवाय आपल्या घरांतील बाई शेवटी जेवते आणि भांड्यात उरलेले टाकवत नाही म्हणून तेही खाते. हा हिशेब कोणी मांडत नाही.

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची हकीकत आहे. द्रोणभर भात खाऊन तो धापा टाकीत बुद्धांकडे आला. मात्रा राखून जेवण्याविषयी बुद्धांनी एक गाथा सांगितली, पण राजा तेवढ्यावर थांबला नाही. सुदस्सन नावाच्या तरुणाने ती पाठ करून आपल्या प्रत्येक जेवणाच्या वेळी म्हणावी म्हणून त्याने रोजची शंभर कहापणे लावून दिली. पुढे त्याचा आहार हळूहळू नाळीभर भातावर आला. एवढ्या मोठ्या राजालाही निव्वळ निश्चय पुरला नाही, ताटापाशी रोजचे माणूस लागले. मग ताईला मदत लागली तर त्यात लाज ती कसली?

आता शस्त्रक्रियेकडे वळू. अशा शस्त्रक्रियांचा आरंभ १९५० च्या दशकात झाला. अमेरिकेतील आयोवा येथील शल्यचिकित्सक एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली जठराचा बायपास केला. आज बहुतेक शस्त्रक्रिया दुर्बिणीतून, लहान छिद्रांद्वारे होतात. त्यांत दोन प्रकार प्रमुख आहेत. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा थोडा अधिक भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. काढलेला भाग परत बसविता येत नाही. 'बायपास'मध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. पोट लहान होते म्हणून माणूस कमी खातो हे अर्धेच सत्य आहे. आतड्यांतून निघणारी संप्रेरके बदलतात, भूक मंदावते, आणि बायपासनंतर रक्तातील साखर कित्येकदा वजन उतरण्यापूर्वीच खाली येते. मात्र मधुमेह जुना असेल आणि इन्सुलिन चालू असेल तर ही आशा कमी होते. ताईचे अजून गोळ्यांवर भागते, हे तिच्या बाजूचे. ज्यांना छातीत आंबट येण्याचा त्रास आहे त्यांचा तो स्लीव्हनंतर वाढू शकतो, हेही आधी विचारून घ्यावे.

ही शस्त्रक्रिया कोणासाठी? त्यासाठी बीएमआय काढतात. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. ताईची उंची १.५२ मीटर, तिचा वर्ग २.३१, ९२ भागिले २.३१ म्हणजे ३९.८. १९९१ साली अमेरिकेत ठरलेला नियम ४० किंवा, सोबत आजार असल्यास, ३५ असा होता. आपल्या लोकांत कमी वजनालाही मधुमेह गाठतो, म्हणून २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी हे आकडे ३७.५ व ३२.५ असे खाली आणले. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत ते आणखी उतरले. त्याच सूचनांनी वयाची वरची मर्यादा ठेवली नाही. वयाच्या आकड्यापेक्षा शरीर किती खचले आहे आणि सोबतचे आजार कोणते, हे पाहावे असे त्या सांगतात. म्हणजे 'या वयात?' या प्रश्नाचे उत्तर जन्मतारखेत नाही. नितीन गडकरी यांनी २०११ साली ही शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती.

लाभ किती, हे जाहिरातींपेक्षा स्वीडनमधील अभ्यास नीट सांगतो. १९८७ पासून तेथे ३७ ते ६० वयाच्या स्थूल स्त्री-पुरुषांची नोंद ठेवली गेली. २०१० जणांवर शस्त्रक्रिया झाली आणि २०३७ जण नेहमीच्या उपचारांवर राहिले. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी पाच जण ९० दिवसांच्या आत दगावले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान दुसऱ्या गटापेक्षा सुमारे ३ वर्षांनी अधिक होते, आणि सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा सुमारे साडेपाच वर्षांनी कमी. या वाक्याचा उत्तरार्ध आम्हाला कोणत्याही जाहिरातीत आढळला नाही.

खरा प्रश्न त्यानंतरचा. बँकेत आम्ही रोज पाहतो, कर्ज मंजूर होताना माणूस रकमेकडे पाहतो, हप्त्यांकडे नाही. येथे हप्ते आजन्म आहेत. लोह, बी-१२, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व नेमाने घ्यावे लागते व रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतात. पन्नाशीनंतर स्नायू तसेही झिजतात आणि रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होतात. झपाट्याने उतरणाऱ्या वजनाबरोबर दोन्ही आणखी जातात. म्हणून दिवसाला साधारण ६० ग्रॅम तरी प्रथिने पोटात जावी लागतात, आणि ती एवढ्याशा पोटात बसवायची तर ताटात भातापूर्वी डाळ, अंडी, मासळी येणार. पित्ताशयात खडे होऊ शकतात, पहिल्या काही महिन्यांत केस गळतात. गोड खाताच घाम सुटून जीव घाबरा होणे हा प्रकार बायपासनंतर विशेष.

एक गोष्ट मात्र गुडघेदुखीच्या माणसाने मुद्दाम लक्षात ठेवावी. बायपासनंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्या टाळाव्या लागतात, कारण जोडलेल्या जागी व्रण होतो. ताई तर त्या गोळ्या औषधाच्या दुकानातून शेंगदाण्यासारख्या आणते! हे तिने डॉक्टरांना सांगितलेच नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते.

२०२५ साली मौंजारो व वेगोव्ही ही आठवड्यातून एकदा घेण्याची इंजेक्शने भारतात आली. त्यांनी वजन उतरते. पण वेगोव्हीमधील सेमाग्लुटाइड या औषधाच्या चाचणीत ते थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले. म्हणजे तेथेही हप्ते आहेतच.

पैशाचे थोडक्यात. खर्च लाखांत जातो. २०१९ साली विमा नियामकाने घालून दिलेल्या नियमानुसार बीएमआय ४०, किंवा गंभीर आजारासह ३५ असेल, डॉक्टरांचा सल्ला असेल आणि साधे उपाय फसले असतील, तरच आरोग्य विम्यात हे बसते. 'गंभीर आजार' कोणते याची यादी पॉलिसीतच असते. ताईचे ३९.८ आहेत! दोन दशांशासाठी ती यादी आम्ही तीनदा वाचली.

शल्यचिकित्सकांनी अद्याप तारीख दिलेली नाही. आधी हृदयाची तपासणी, आहारतज्ज्ञांच्या दोन भेटी, आणि आठ दिवस खाल्लेल्या प्रत्येक पदार्थाची नोंद. आम्ही बँकेची जुनी डायरी दिली. तिसऱ्या दिवशी ताईने फोन करून विचारले, "पातेलं खरवडून खाल्लेलं लिहायचं का रे?" आम्ही म्हटले, लिही. चौथ्या दिवसापासून डायरीत दुपारी तीनच्या पुढे रोज एक ओळ येऊ लागली आहे, आणि शस्त्रक्रियेला होकार द्यायचा की नाही हे ती डायरी भरल्यावर सांगणार आहे.